पहिल्याची सर नाही

२०२४ चा सप्टेंबर. गणपती उठून पाच दिवस झाले होते, रस्त्यावरचे मांडव अजून पूर्ण निघाले नव्हते. रविवारी दुपारी आई-बाबांना घेऊन 'नवरा माझा नवसाचा २' बघायला गेलो. मध्यंतर झालं. बाबा पॉपकॉर्नच्या रांगेत, आई ओढणीच्या टोकानं डोळे पुसत होती (हसून आलेलं पाणी), आणि मी फोन काढून स्टेटस टाकलं: 'पहिल्याची सर नाही.' बाबा पॉपकॉर्न घेऊन परत येईपर्यंत त्याच्यावर डझनभर अंगठे पडले होते. सिनेमा अजून निम्मा बाकी होता.

परत येताना इंदिरानगरच्या बोगद्यापाशी नेहमीप्रमाणे अडकलो. आई मागच्या सीटवरून म्हणाली, "किती दिवसांनी एवढी हसले रे." मी आरशात न बघताच म्हणालो, "पण पहिल्याची सर नाही." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हो, तसा ठीकच होता." रात्री संगमनेरच्या मावशीचा फोन आला तेव्हा मी शेजारच्या खोलीत होतो. आई सांगत होती, "बघायला हरकत नाही गं, ठीक आहे. पण पहिल्याची सर नाही."

हा लेख त्या तीन शब्दांविरुद्ध आहे. ते मीच घरात आणले, त्यामुळे त्यांच्याबद्दल बोलण्याचा थोडाफार हक्क मला आहे असं मानतो.

सुरुवातीलाच एक सांगून टाकतो, नाहीतर खाली लोक विचारतीलच. हा सिनेमा महान आहे, लोकांना कळला नाही, वगैरे मला म्हणायचं नाही. माझ्या त्याच्याबद्दल तक्रारी आहेत आणि त्या पुढे येतील. पण 'पहिल्याची सर नाही' ही तक्रारच नाही. ते सिनेमा न बघताही म्हणता येतं. दुसऱ्या दिवशी माझ्या स्टेटसला 'अगदी बरोबर' म्हणणाऱ्या मित्रांपैकी ओळखीच्या सहा-सात जणांना मी विचारलं. दोघांनी सिनेमा पाहिला होता. बाकीच्यांनी ट्रेलर आणि गाण्यांचे तुकडे पाहिले होते. एकानं तर तेही पाहिलं नव्हतं. सचिन पिळगांवकरांच्या मुलाखतींवरचे मीम पाहून त्याचं मत तयार झालं होतं. मुलाखत आणि सिनेमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सांगितल्यावर तो म्हणाला, "अरे पण अंदाज येतोच ना."

आता मुद्द्याकडे. पहिला 'नवरा माझा नवसाचा' २००४ चा. मी तेव्हा सात वर्षांचा होतो आणि तो मी थिएटरात पाहिलेलाच नाही. माझ्या पिढीतल्या किती जणांनी पाहिला असेल? आम्ही तो टीव्हीवर पाहिला, आणि तोही सलग नाही. कधी वक्रतुंड आणि भक्तीची एसटी निघाल्यापासून, कधी गणपतीपुळं जवळ आल्यापासून, कधी लोडशेडिंग संपून दिवे आले तेव्हा जे चालू असेल तिथून. २००७ मध्ये झी टॉकीज सुरू झालं आणि दिवसाच्या कुठल्याही वेळी कुठला ना कुठला मराठी सिनेमा घरात चालू असणं ही नेहमीची गोष्ट झाली. सुट्टीत आत्येभावांबरोबर, दहावीच्या वर्षी अभ्यास टाळून, इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलवर लॅपटॉपवर. जाहिरात लागली की उठायचं, पोळी घेऊन यायची, परत बसायचं. असा तो सिनेमा मी वीस वेळा तरी पाहिला असेल आणि एकदाही पूर्ण पाहिला नव्हता.

म्हणजे मी मल्टिप्लेक्सच्या खुर्चीत बसून काय करत होतो? एका सिनेमाच्या पहिल्या पाहण्याची दुसऱ्या सिनेमाच्या विसाव्या पाहण्याशी तुलना. ऑफिसात असली चाचणी घेऊन मी 'नवीन आवृत्ती जुनीपेक्षा वाईट आहे' असा निष्कर्ष मांडला असता तर मॅनेजरनं मला पुन्हा बसवून विचारलं असतं की बाबा रे, दोन्हीकडे परिस्थिती तरी सारखी ठेवलीस का? एकीकडे दोन तास, अंधार, तिकिटाचे पैसे आणि हातात फोन. दुसरीकडे वीस वर्षं, आजीच्या मांडीवरची जागा, आणि पुढचा विनोद काय येणार हे आधीच माहीत असल्यामुळे येण्यापूर्वीच सुटलेलं हसू. विनोदाच्या बाबतीत हे फारच अन्यायाचं आहे. रहस्यकथा दुसऱ्यांदा वाचली की फिकी होते. विनोद, विशेषतः आपल्याकडचा हा घरगुती विनोद, पाठ झाल्यावर चढतो. 'अशी ही बनवाबनवी' बघताना आपण हसतो ते काय होणार हे न कळल्यामुळे नव्हे. सगळे संवाद तोंडपाठ असतात आणि ते आपल्यालाही म्हणायचे असतात म्हणून हसतो. १९८८ सालच्या पहिल्या शोला बसलेल्या माणसाकडे ही सोय नव्हती.

(माझा एक पुण्याचा मित्र हेर-विनोदपटांचा भक्त आहे. ऑस्टिन पॉवर्स, जॉनी इंग्लिश, सगळे भाग. मराठीत असं काही का होत नाही, हा त्याचा कायमचा प्रश्न. मी त्याला म्हणतो की होतं, फक्त आपले हेर सरकारी नोकरीत नसतात. वेष बदलायचा, खोटं नाव सांगायचं, दाराआडून ऐकायचं, पकडले जाण्याच्या बेतात असताना निसटायचं: हेराचं सगळं काम धनंजय माने आणि मंडळींनी केलंय, फरक एवढाच की त्यांना अणुबॉम्बचं सूत्र नको होतं, भाड्याची खोली हवी होती. 'झपाटलेला'मध्ये तर इन्स्पेक्टरही आहे आणि फरार गुन्हेगारही. फक्त गुन्हेगार बाहुल्यात लपलेला आहे. या मित्राचंही प्रत्येक दुसऱ्या भागाबद्दलचं मत मला पाठ आहे. तीनच शब्द आहेत ते.)

'झपाटलेला'चा विषय निघालाच आहे तर त्याच्याकडे नीट बघू, कारण आमच्या पिढीनं हे तीन शब्द बहुधा तिथे शिकले. 'झपाटलेला' १९९३ चा, 'झपाटलेला २' २०१३ चा. बरोब्बर वीस वर्षं. २००४ आणि २०२४ मध्येही बरोब्बर वीसच. म्हणजे ज्यांनी लहानपणी पहिला पाहिला ते आता तिकीट काढण्याच्या वयाचे झाले, हा हिशेब निर्मात्यांनी केलेला असणार आणि तो काही गुन्हा नाही. २०१३ मध्ये मी सोळा वर्षांचा होतो. आम्ही पाच मित्र थ्रीडी चष्मे लावून बसलो होतो आणि बाहेर आल्यावर पाचही जण एकच वाक्य म्हणालो: "लक्ष्या नाही रे." हे खरं होतं. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ च्या डिसेंबरात गेले. त्यांच्याशिवाय 'झपाटलेला' म्हणजे मीठ नसलेली आमटी, हे कुणीही कबूल करेल. पण नीट पाहा, ही सिनेमाबद्दलची तक्रार आहे का? ते दुःख आहे. महेश कोठारे यांनी कितीही चांगला सिनेमा काढला असता तरी ते दुःख तिथे बसलेलंच असतं. एका माणसाच्या नसण्याचं दुःख आपण सिनेमाला दिलेल्या दोन चांदण्यांमध्ये मोजतो आणि वर म्हणतो की आम्ही परीक्षण केलं.

आणि गाणी. तेव्हाही मित्र म्हणाले, आजही म्हणतात, "गाणी पण पहिल्याचीच भारी होती." मध्यंतरी हे ऐकल्यावर मी म्हटलं, ठीक, पहिल्या 'झपाटलेला'तलं एक गाणं म्हणून दाखव. तो थांबला. छतावर बघितलं. तात्या विंचूचा मंत्र म्हणाला. मी म्हटलं, ते गाणं नाही. मग तो हसला आणि म्हणाला, "आठवत नाही, पण भारी होती." मलाही एकही आठवलं नाही. उलट दुसऱ्या भागातलं 'मदनिके', अवधूत गुप्ते यांच्या संगीतातलं, आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये दोन वर्षं लागोपाठ नाचून झालं होतं, आणि नाचणाऱ्यांत हा मित्र पहिल्या ओळीत होता. मला इथे 'मदनिके' थोर आहे असं सिद्ध करायचं नाही. एवढंच म्हणायचंय की 'पहिल्याची गाणी' हे पुष्कळदा गाण्यांबद्दलचं विधान नसतं. जी आठवतही नाहीत ती गाणी जी आठवतात त्यांना हरवतात, आणि आपल्याला यात काही विचित्र वाटत नाही.

गाण्यांवर जरा थांबतो, कारण 'नवसाचा २'च्या बाबतीत सगळ्यात जास्त ऐकू आलेला शेरा हाच होता: गाणी लक्षात राहत नाहीत. मी सॉफ्टवेअर लिहितो. एके काळी एका अशा अॅपवर काम केलंय जिथे माणसानं एखादी गोष्ट सुरू केली आणि किती सेकंदांत सोडली हे मोजलं जायचं. गाण्यांच्या अॅपांतही हेच चालतं. तुम्ही सुरुवातीलाच पुढे ढकललेलं गाणं तुम्हाला पुन्हा समोर येण्याची शक्यता कमी होते. म्हणजे ज्या गाण्याला आपण पंधरा सेकंद दिले, ते आपल्यापासून दूर नेण्याची पक्की व्यवस्था आहे. आता आठवा, 'लक्षात राहिलेली' गाणी लक्षात कशी राहिली होती? कॅसेट होती. गाणं ओलांडायचं तर बटण दाबून धरायचं, अंदाजानं सोडायचं, चुकलं की परत मागे. त्यापेक्षा ऐकून टाकणं सोपं. मग गणपती मंडळ होतं. आमच्या कॉलनीच्या मंडळाकडे एकच सीडी होती आणि दहा दिवस सकाळ-संध्याकाळ तीच. लग्नाचा बँड होता, शाळेची सहल होती, एसटीत ड्रायव्हरच्या डोक्यावर टेप होता आणि त्याचा आवाज कमी करा म्हणायची कुणाची छाती नव्हती. कुणीही आपल्याला विचारत नव्हतं की हे गाणं तुम्हाला आवडलं का. ते वाजत राहायचं. आठव्या-दहाव्या वेळेला आपण गुणगुणायला लागायचो आणि मग ते 'आपलं' व्हायचं.

पहिल्या 'नवसाचा'मधलं सोनू निगमनं गायलेलं 'हिरवा निसर्ग' घ्या. संगीत जितेंद्र कुलकर्णी यांचं. आज पावसाळ्यात त्र्यंबकच्या रस्त्यावर मोटारसायकल काढलेला प्रत्येक पोरगा त्याच्या रीलला हेच गाणं लावतो. वीस वर्षांनी एवढं आयुष्य मिळणं हे भाग्यच. मी आईला विचारलं, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काय वाटलं होतं? ती म्हणाली, "मला काही वाटलं नव्हतं. तुझे बाबा म्हणाले होते, हिंदीवाल्याला कशाला बोलावलं, आपल्यात गायक नाहीत का?" बाबांनी हे साफ नाकारलं. ते म्हणाले, ते गाणं त्यांना पहिल्यापासून आवडतं. दोघांत कोण खरं हे मला माहीत नाही, पण पहिल्यापासून आवडत होतं असं आपल्याला वाटायला लागतं, इथेच सगळी गडबड आहे.

मग नवीन गाण्यांचं काय करायचं? दहा वेळा ऐकायची शिक्षा घ्यायची? तसं नाही. मी स्वतः 'नवसाचा २'ची गाणी नंतर चार-पाचदा ऐकली, कामं करताना, भांडी लावताना. गणपतीपुळ्याला निघालेल्या सिनेमात गणपतीचं गाणं असणारच. ते आहे आणि ढोल-ताशाच्या जोरावर अंगावर येतं. मला ते अजूनही सरावानं बांधल्यासारखं वाटतं. हल्ली मराठी सिनेमात आनंद म्हटला की ढोल, भक्ती म्हटली की ढोल, लग्न म्हटलं की ढोल, अशी सवय लागलीय. पण हे मत चार वेळा ऐकून झालेलं आहे आणि 'लक्षात राहत नाही' असं मी म्हणू शकत नाही, कारण परवा ताल धरून बोटं वाजवत होतो आणि बायकोनं विचारलं, हे कुठलं?

आता एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. पोस्टरवर '२' त्यांनी लिहिलं, आम्ही नाही. नाव तेच, अशोक सराफ तेच, गणपतीपुळं तेच, पहिल्याच्या आठवणीवर तिकिटं विकायची आणि प्रेक्षकानं आठवण काढली की म्हणायचं तुलना करू नका? हे चालणार नाही. बरोबर आहे, चालणार नाही. तुलना करा. पण मग तुलनाच करा. पहिला काय करत होता, दुसरा काय करतो, हे शेजारी ठेवून बघा. आपण ते करत नाही. आपण पहिल्या सिनेमाचं नाव घेतो आणि आपल्या बालपणाशी तुलना करतो. बालपणापुढे कुठला सिनेमा टिकणार?

मी नंतर एका शनिवारी पहिला 'नवसाचा' पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला. आयुष्यात पहिल्यांदा, जाहिरातीशिवाय. माझ्या आठवणीतल्या सिनेमापेक्षा तो संथ निघाला. काही विनोद असे होते की बायको शेजारी बसलेली असताना मी खुर्चीत सरकलो. मूळ कल्पना, म्हणजे मूल झालं तर त्याला नागड्यानं गणपतीपुळ्याला आणीन असा बापानं बोललेला नवस आणि तो आता मोठ्या झालेल्या पोराला फेडायचा आहे, ही अजूनही भन्नाट आहे. आणि एसटी! त्या सिनेमाचा खरा नायक एसटी आहे. एसटीच्या गाडीत सगळे एका खोलीत असतात. कुणाला कुठे जाता येत नाही. कुणी कुणापासून काही लपवायला गेलं की शेजारच्या सीटवरच्याला दिसतं. कंडक्टर त्या खोलीचा यजमान असतो, प्रत्येकाला त्याच्याशी बोलावं लागतं, म्हणून अशोक सराफ कंडक्टर होताच प्रत्येक प्रसंगाची दोरी त्यांच्या हातात येते.

इथे माझी दुसऱ्या भागाबद्दलची खरी तक्रार सापडली, जी मध्यंतरात मला सापडली नव्हती कारण मी शोधतच नव्हतो. दुसरा भाग कोकण रेल्वेत घडतो. स्वप्नील जोशी आणि हेमल इंगळे ही पुढची पिढी, आणि अशोक सराफ आता टीसी. कागदावर हे छान वाटतं. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली, तिनं खरोखरच मुंबईकराचं कोकणात जाणं बदलून टाकलं, त्यामुळे एसटीनंतर रेल्वे ही बढती वाजवी आहे. पण रेल्वेला डबे असतात. एकाला दुसऱ्यापासून लपायचं तर तो पुढच्या डब्यात जातो, संपलं. माणसं एकत्र आणण्यासाठी दर वेळी काहीतरी निमित्त काढावं लागतं. टीसी येतो, तिकीट बघतो आणि जातो. त्याला त्या डब्यात अडकवून ठेवायला कथेला कसरत करावी लागते. आणि एक क्षुल्लक गोष्ट, पण मला ती खटकत राहते: रेल्वे गणपतीपुळ्याला जातच नाही. रत्नागिरीला उतरून पुढे रस्त्यानंच जावं लागतं. एसटीचा प्रवास देवाच्या दारापर्यंत पोचायचा, रेल्वेचा अलीकडेच संपतो. ही तक्रार मी दिग्दर्शकाच्या तोंडावर करू शकतो. तो उत्तर देऊ शकतो. 'पहिल्याची सर नाही' याला तो काय उत्तर देणार?

आता पहिला सिनेमा तरी आकाशातून पडला होता का? बसमधल्या विनोदी प्रवासाचं नाव काढलं की कुणालाही १९७२ चा 'बॉम्बे टू गोवा' आठवतो, आणि तो १९६६ च्या 'मद्रास टू पाँडिचेरी' या तमिळ सिनेमावरून केलेला. २००४ मध्ये लोक सचिन आणि अशोक सराफ यांना एकत्र बघायला गेले त्यामागे १९८८ ची 'बनवाबनवी' होती. 'बनवाबनवी'मागे १९६६ चा हिंदी 'बीवी और मकान'. 'झपाटलेला'मागे १९८८ चा हॉलिवूडचा 'चाइल्ड्स प्ले'. आपण ज्याला पहिला म्हणतो तो बहुतेक वेळा कुणाचा तरी दुसरा किंवा तिसरा असतो. आम्ही नाशिककर तर यावर बोलण्याच्या लायकीचे. पांडवलेण्याच्या पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचं स्मारक आहे, माझ्या घरापासून गाडीनं दहा मिनिटं. त्या माणसानं १९१७ मध्ये 'लंकादहन' केला. अण्णा साळुंके त्यात रामही झाले आणि सीताही. १९१९ मध्ये 'कालिया मर्दन' केला, कृष्ण झाली त्यांची स्वतःची लेक मंदाकिनी. एकही गोष्ट नवीन नव्हती. प्रत्येक प्रेक्षकाला शेवट पाठ होता. लोक पुढे काय होणार हे बघायला गेलेच नव्हते.

एक दुसरा गट आहे आणि त्याच्याशीही माझं भांडण आहे. हे लोक स्टेटसखाली येऊन लिहितात: "मराठी सिनेमा आहे, जरा सांभाळून." किंवा "आपणच पाय खेचतो म्हणून मराठी मागे." हेतू चांगला असतो. मराठी सिनेमाला सकाळी नऊचा नाहीतर दुपारी बाराचा शो मिळतो हे मीही बघतो. २०१५ च्या एप्रिलमध्ये सरकारनं मल्टिप्लेक्सांना संध्याकाळच्या मोक्याच्या वेळी मराठी सिनेमा दाखवायला सांगितलं, त्यावर शोभा डे यांनी ट्विट केलं, मग वडापाव आणि मिसळीवरून जे झालं ते सगळ्यांना आठवत असेल. तेव्हापासून मराठी सिनेमा बघणं हे मतदानासारखं झालंय. गेलात तर कर्तव्य केलंत, नाही गेलात तर गद्दार. पण ज्याला आपण दया म्हणून बघतो त्याच्यावर आपण हसत नाही. या गटाला सिनेमा आवडला का असं विचारलं की उत्तर येतं, "आपण सपोर्ट करायला हवा." अरे, पण आवडला का? एकानं न बघता नाकारला, दुसऱ्यानं न बघता कवटाळला. दोघांनाही सिनेमाशी देणंघेणं नाही. पहिल्याला आपली अभिरुची दाखवायची आहे, दुसऱ्याला आपली निष्ठा.

मला विचाराल तर पहिला जास्त घातक, आणि हे मी स्वतः त्या गटातला म्हणून सांगतो. निष्ठावान माणूस फार तर चार लोकांना कंटाळा आणणाऱ्या सिनेमाला पाठवतो. 'पहिल्याची सर नाही' म्हणणारा मात्र झालेला आनंद मागे जाऊन पुसतो. आई हसली होती. मी शेजारी होतो, मी ऐकलं. अशोक सराफ नुसते वळून बघायचे आणि ती पदर तोंडाशी नेल्यासारखी ओढणी नेऊन हसायची. ते हसू कुणी तिच्याकडून घेऊ शकत नव्हतं, आणि मी बोगद्याच्या गर्दीत तीन शब्दांत घेतलं. इंजिनिअर झालेल्या, ऑफिसात इंग्रजी बोलणाऱ्या, सगळं माहीत असलेल्या मुलानं सांगितलं म्हणजे आपलं चुकलं असणार, असं तिला वाटलं. तिनं आपलं मत दुरुस्त केलं आणि मावशीला दुरुस्त केलेलं मत कळवलं. मावशी गेलीच नाही बघायला.

एवढ्याशा गोष्टीचा बाऊ कशाला, असं कुणाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण मग लक्षात यायला लागलं की हे मी सगळीकडे करतो. मामाच्या नव्या घराला जुन्या वाड्याची सर नाही. कॉलेज रोडवरच्या त्या मिसळीला आता पूर्वीची सर नाही. बायकोनं माझ्या आजीच्या पद्धतीनं मोदक केले, मी तोंड उघडलं, आणि तिनं उकडपात्राच्या झाकणाकडे हात नेला. मी तोंड मिटलं. एकोणतीस वर्षांच्या माणसाला एवढा भूतकाळ आला कुठून? माझ्या आजोबांना असं बोलण्याचा अधिकार होता. त्यांनी खरोखर काहीतरी गमावलं होतं. मी काय गमावलंय? एक केबल कनेक्शन.

यंदा दिवाळीच्या आसपास एका संध्याकाळी 'नवसाचा २' घरी टीव्हीवर लागला. मी लॅपटॉप घेऊन बसलो होतो. आई स्वयंपाकघरातून आली, मधूनच कुठून तरी बघायला लागली. मी तिला विचारलं, "थिएटरात तू सगळ्यात जास्त कशावर हसली होतीस?" ती म्हणाली, "तुला नव्हता ना आवडला?" मी म्हटलं, सांग ना. तिनं सांगितलं. तो प्रसंग नव्हताच जो मला वाटत होता. ती कुठल्या संवादावर हसलीच नव्हती, टीसी ज्या तऱ्हेनं खिशाला पेन लावतो त्यावर हसली होती. तिचे वडील रेल्वेत होते, मनमाडला. ते असंच लावायचे, म्हणे, टोपण वर आणि शर्टाला शाईचा डाग. हे मला एकोणतीस वर्षांत माहीत नव्हतं.

जाहिरात लागली. ती उठली, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या होत्या. जाताना म्हणाली, "सुरू झाला की हाक मार."